स्वस्तातला समुद्र

परवा इथे इंग्लंडात, लेस्टरला, हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, "यंदा उन्हाळ्यात कुठे?" मी म्हटलं, "बहुतेक परत सनी बीच." वाण देणाऱ्या बाईंचा हात मधल्यामध्ये थांबला. "बल्गेरिया? तिथे दारुड्या पोरांचीच गर्दी असते ना गं?" दुसरीने तर "स्पेनचं का नाही जमत तुमचं?" असं इतक्या काळजीने विचारलं, की आमच्या घरात कुणी आजारी आहे की काय असं मलाच वाटायला लागलं.

तोंडात तिळगूळ होता म्हणून तेव्हा गोड बोलले. आता लिहिते.

आधी हिशेब, कारण आमच्या घरात सुट्टीची सुरुवात हिशेबानेच होते. मी दवाखान्यात रिसेप्शनवर, नवरा गोदामात शिफ्टवर, पोरं दोन. शाळा बुडवून जावं तर दंड, तोही प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकामागे 80 पौंड. एक गोष्ट मात्र लेस्टरकरांच्या पथ्यावर पडते. इथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी बाकी इंग्लंडच्या आठ-दहा दिवस आधी लागते. पूर्वी होजियरीचे कारखाने जुलैत एकदमच बंद व्हायचे, तेव्हापासूनची ही पद्धत. ते कारखाने गेले, सुट्टी राहिली. त्या आठ-दहा दिवसांत पॅकेजचे भाव अजून चढलेले नसतात. 2025 च्या जुलैत आम्ही चौघं सात दिवस, विमान, हॉटेल, तिन्ही वेळचं खाणं धरून दोन हजार पौंडांच्या आत जाऊन आलो. स्पेनमधलं तसंच पॅकेज साडेतीन हजारांच्या खाली येत नव्हतं. त्या दीड हजारात माझी वेंगुर्ल्याची एक फेरी होते. कुठे जायचं ते तिथेच ठरलं.

जायच्या आधी महिनाभर मी रोज रात्री लोकांचे अनुभव वाचत होते. ते वाचणं म्हणजे वेगळीच करमणूक. एकाच हॉटेलबद्दल एक म्हणतो "स्वर्ग", दुसरा म्हणतो "तुरुंग", आणि दोघं एकाच आठवड्यात राहिलेले. एका बाईंनी फक्त एक तारा दिला होता, कारण समुद्रात वाळू फार आहे. एका गृहस्थांची तक्रार, की जेवणात बल्गेरियन पदार्थ फार होते. टॉवेल पातळ, चहा फिका, लिफ्ट हळू, गादी कडक. खोलीला रोजचे किती पैसे पडले ते कुणी लिहीत नव्हतं. माणसाने वडापावच्या पैशात पंचपक्वान्नं मागावीत आणि वर श्रीखंडात केशर कमी म्हणून पान सरकवावं, तसला प्रकार.

पण सगळ्याच तक्रारी खोट्या नव्हत्या, हेही सांगते. नाहीतर म्हणाल हिला कमिशन मिळतं.

आवाज खरा आहे. मधल्या भागात, जिथे बार आणि डिस्को एकाला एक लागून आहेत, तिथे रात्री तीनपर्यंत छाती धडधडवणारं संगीत चालतं. आमची खोली पाचव्या मजल्यावर होती आणि तरी पहिल्या रात्री पोरांच्या कानात कापूस घालून झोपवलं. दारू प्यायलेली पोरं खरी आहेत. लग्नाआधीच्या पार्ट्या करायला टोळक्याने येतात आणि सकाळी सात वाजता एकसारखे टीशर्ट घालून कठड्यावर मान टाकून बसलेली दिसतात. आम्हाला त्यांनी काडीचा त्रास दिला नाही, पण लहान पोरं घेऊन जाणार असाल तर उत्तरेच्या टोकाला किंवा शेजारच्या स्वेती व्लासला खोली घ्या. चार पावलं जास्त चालाल, पण झोप मिळेल.

पैसे बदलण्यात मात्र आम्ही मूर्ख ठरलो. तेव्हा तिथे लेव चालायचा. बाहेर मोठ्या अक्षरांत "कमिशन शून्य", आणि पाटीवर दर छान. आत पैसे हातात पडल्यावर कळलं की तो दर ते आपल्याला पौंड विकतात त्याचा, आपल्याकडून घेतात त्याचा नव्हे. शंभर पौंडांमागे वीसेक पौंड गेले. भांडायला गेलो तर काचेआडच्या माणसाने सहीच्या कागदावरची मुंगीएवढी ओळ बोटाने दाखवली. टॅक्सीवाल्यानेही पहिल्या दिवशी तीन किलोमीटरला असा आकडा सांगितला, की नवरा पोरांना खांद्यावर घेऊन चालायला लागला. आता 1 जानेवारी 2026 पासून बल्गेरियात युरो आलाय, त्यामुळे यंदा जाणाऱ्यांना निदान हा लेवचा घोळ नाही. पौंड मात्र इथूनच बदलून न्या.

आता जागेबद्दल. बुर्गासच्या विमानतळावरून अर्ध्या-पाऊण तासावर, काळ्या समुद्राच्या एका रुंद उपसागरावर हे गाव आहे. गाव म्हणायचं आपलं, तिथे गाव असं कधी नव्हतंच. वाळूचे ढिगारे आणि पाणथळ होती. 1958 साली साम्यवादी सरकारने ठरवून ते बांधायला घेतलं. बल्गेरियन नाव स्लंचेव ब्र्याग, म्हणजे उन्हाचा किनारा. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड इथल्या कामगारांना पश्चिमेकडच्या समुद्रावर जायची मुभा नव्हती, ते इथे यायचे. म्हणजे ही जागा मुळात जन्माला आली तीच साध्या नोकरदाराच्या सुट्टीसाठी. आज तिला "गरिबांचा स्पेन" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे माहीत नसतं. पोलंडची, झेकची, रुमानियाची कुटुंबं अजूनही गाड्या भरून येतात. आमच्या शेजारच्या पोलिश आजी डब्यात उकडलेली अंडी आणि काकड्या घेऊन रोज सकाळी आठला वाळूवर हजर. गणपतीपुळ्याला पोळी-बटाट्याची भाजी काढून बसलेल्या आपल्या आत्याच जणू.

बांधकाम मात्र आता अति झालंय. इतकी हॉटेलं, की समोरच्या बाल्कनीतल्या माणसाने काय खाल्लं ते दिसतं. त्यातले कित्येक फ्लॅट पंधरा-वीस वर्षांपूर्वी ब्रिटिश आणि रशियन लोकांनी स्वस्तात घेतलेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जवळच्या एलेनितेला अतिवृष्टीने पूर आला, माणसं गेली, गाड्या वाहून समुद्रात पडल्या. ते फोटो बघताना पोटात कालवलं. त्याच्या तीन महिने आधी आमची बस तिथूनच वळली होती.

समुद्राबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण मी वेंगुर्ल्याची. आठेक किलोमीटर सलग वाळू, बारीक, सोनेरी. पहिल्या सकाळी पाण्यात उतरले आणि चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाणी ओठाला लागलं तर खारट लागेना. काळ्या समुद्रात मोठ्या नद्या येऊन मिळतात, त्यामुळे त्याचा खारेपणा आपल्या समुद्राच्या जेमतेम निम्मा. आणि भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी ठेवलेल्या चपला संध्याकाळी तिथेच. मी दिवसभर ओहोटीची वाट बघत होते, आणि समुद्र जागचा हलेना. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "समुद्र बघूक इतक्या लांब कित्याक गेलंस गो? आपल्या दारात नाय?" तिला काय सांगणार? दारातला समुद्र सात हजार किलोमीटरवर आहे, आणि हा साडेतीन तासांवर.

शांत दिसतो म्हणून फसू नका. वारा पडल्यावरही तळातून ओढणाऱ्या लाटा राहतात, तिथले लोक त्यांना "मेलेल्या लाटा" म्हणतात, आणि त्यात दर वर्षी माणसं बुडतात. लाल बावटा दिसला की पाण्यात जायचं नाही. आम्ही होतो तेव्हा एक दिवस लाल बावटा होता, आणि त्याच दिवशी "समुद्र बंद ठेवला, पैसे वाया गेले" म्हणून रिसेप्शनवर भांडणारं एक जोडपं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. समुद्र बंद ठेवला!

किनारा सरकारचा, पण भाडेपट्ट्याने दिलेला. पैसे भरून खाट-छत्री मिळते, आणि तेवढा खर्च नको असेल तर काही पट्टा मोकळा ठेवलेला असतो, तिथे आपली चादर अंथरायची. आम्ही दोन दिवस खाट घेतली आणि पाच दिवस चादर. मधूनच एक माणूस "त्सारेवित्सा, त्सारेवित्सा" असं ओरडत फिरतो. उकडलेलं मक्याचं कणीस! मीठ लावून. लिंबू-तिखट नाही एवढंच.

खाण्याचं म्हणाल तर हॉटेलातल्या बुफेची खरी मेख अशी, की तो ब्रिटिशांना खूश करायला जातो आणि कुणालाच खूश करत नाही. चिप्स, बीन्स, कसलेसे नगेट. चौथ्या दिवशी आम्ही बाहेर पडलो, आणि तिथून आमची सुट्टी सुरू झाली. शॉप्स्का सॅलड, म्हणजे टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची आणि वर किसलेलं पांढरं चीज. तारातोर नावाचं गार सूप, जे खरं तर लसूण, शेपू आणि अक्रोड घातलेली काकडीची पातळ कोशिंबीर आहे. दही इतकं घट्ट की चमचा उभा राहतो. या दह्यातला जिवाणू 1905 मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने शोधला आणि त्या जिवाणूच्या नावातही बल्गेरिया आहे, हे तिथला प्रत्येक वेटर सांगतो. माझ्यासाठी त्सात्सा. बोटाएवढे मासे डोक्यासकट कुरकुरीत तळलेले, मांदेलीचे चुलतभाऊ.

नवरा देशावरचा, शाकाहारी. एका सूपकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "चिकन?" वाढणाऱ्या पोरीने मान आडवी हलवली. हा खूश, दोन चमचे प्याला आणि तिसऱ्यात तंगडी. बल्गेरियात मान आडवी म्हणजे हो, आणि उभी म्हणजे नाही! त्यात परदेशी गिऱ्हाइकासमोर काहीजण मुद्दाम उलटं करतात, म्हणजे आपल्याच पद्धतीने, त्यामुळे गोंधळ दुप्पट. आणि आम्ही? आपली ती ना आडवी ना उभी डुलणारी मान बघून ती बिचारी तीनदा आत जाऊन आली.

तिथे जाऊन नेसेबर न बघणाऱ्यांना मात्र मला खरंच बोलावंसं वाटतं. चालत तासाभराचं अंतर, बसने दहा मिनिटं. समुद्रात घुसलेलं एवढंसं गाव, चिंचोळ्या वाटेने जमिनीला जोडलेलं, वाटेवर जुनी लाकडी पवनचक्की. थ्रेसियन, ग्रीक, रोमन, बायझंटाइन, बल्गेर, तुर्क, सगळे इथे नांदून गेलेले. 1983 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. विटांचे आणि दगडांचे पट्टे असलेली चर्च गल्लीगल्लीत. त्यातल्या ख्रिस्त पँटोक्रेटर नावाच्या चर्चच्या मागच्या भिंतीवर विटांमध्ये ओळीने स्वस्तिकं आहेत. मध्ययुगातली, सूर्याचं चिन्ह म्हणून काढलेली. मी फोन तसाच आईकडे फिरवला. "अगो, ह्यां स्वस्तिक नाय काय?" तिने लगेच हात जोडले. आमच्या हॉटेलातली अर्धी माणसं सात दिवसांत गेटच्या बाहेर पडली नव्हती. मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा, बारची रांग आणि पोहण्याचा तलाव. मग घरी जाऊन लिहिणार, "बल्गेरियात बघण्यासारखं काही नाही."

आता मनातलं बोलते. माझा मामेभाऊ कळंगुटला शॅकवर होता. गोव्यात 1987 पासून चार्टर विमानांनी गोरे पर्यटक यायला लागले, आणि आमच्याकडची कितीतरी पोरं हंगामापुरती तिकडे कामाला जायला लागली. तो रात्री घरी आल्यावर नकला करायचा. शंभर रुपयांच्या बिअरवर पंधरा मिनिटं घासाघीस करणारे, मग तीच गरम आहे म्हणून परत करणारे. आम्ही पोट धरून हसायचो. जुलैत सनी बीचच्या वाळूवर खाटेच्या भाड्यावरून मी खाटा देणाऱ्या पोराशी वाद घातला, आणि अर्ध्या वाक्यात मला माझाच मामेभाऊ दिसला. त्याच्या नकलेतली बाई आता मी होते.

हॉटेलच्या भांडी घासायच्या खोलीत एक नेपाळी मुलगा होता. हंगामी व्हिसावर आलेला. आम्हाला हिंदीत बोलताना ऐकून तो ट्रे घेऊन थबकला. सकाळी सहाला सुरू, मध्ये तीन तास सुट्टी, रात्री अकरापर्यंत. समुद्र हॉटेलसमोर, पण पंधरा दिवसांत एकदाच पाण्यात उतरला होता. माझे दीड हजार पौंड कुठून वाचले, ते मला तिथे दिसलं. म्हणून मी जाणं सोडणार आहे का? नाही. मी गेले नाही तर त्याचं भलं होत नाही, आणि माझ्या पोरांना समुद्र मिळत नाही. पण जागेला हलकी म्हणणाऱ्यांनी आणि टॉवेल पातळ म्हणून एक तारा देणाऱ्यांनी निदान एवढं बघावं, की तो टॉवेल रोज कोण बदलतं.

यंदा आम्ही फक्त नाश्त्याचं पॅकेज घेतोय, खोली उत्तरेकडे. कुणाला माहिती हवी असेल तर कमेंटमध्ये विचारा.

शेवटच्या दिवशी त्या मुलाबरोबर आम्ही फोटो काढला. त्याला विचारून मामेभावाला पाठवला आणि खाली सगळी हकिकत लिहिली. त्याचं उत्तर आलं, "फोटो रवांदे. टिप किती दिलंस ता सांग."

वीस लेव, मी लिहिलं. म्हणजे हजारेक रुपये. निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ काहीच नाही, मग अंगठा.