ड जीवनसत्त्व आणि कर्करोग: निपाणीच्या वाचकांच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिता की, आत्याबाईंच्या रक्तात ड जीवनसत्त्व अवघे ११ निघाले आणि त्याच महिन्यात स्तनाचा कर्करोग कळला. तरीही मी आधीच्या लेखात ड जीवनसत्त्वाच्या पुडीसारख्या स्वस्त उपायाला कर्करोगाविरुद्ध निरुपयोगी ठरवले, असा आपला आक्षेप आहे. आत्याबाईंचे वाचून वाईट वाटले. आपल्या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे.

अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० एकक ड जीवनसत्त्व सुमारे पाच वर्षे दिले. २०१८ साली निष्कर्ष आले, तेव्हा कर्करोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, आणि तेवढेच सांगून मी थांबलो. कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र गोळी घेणाऱ्यांत १७ टक्के कमी होते. हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येत नव्हते. पण पुढे अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर रोज थोडा डोस घेणाऱ्यांत घट दिसली, अधूनमधून मोठा डोस घेणाऱ्यांत दिसली नाही. हे मी लिहायला हवे होते. ऑस्ट्रेलियात तर महिन्याला ६०,००० एकक, म्हणजे आपण दुधात ढवळून घेतो त्या पुडीएवढा डोस, पाच वर्षे देऊनही मृत्यू घटले नाहीत.

११ या आकड्यावरून मात्र कारण ठरत नाही. आजारी माणूस उन्हात कमी जातो, त्याचे जेवण तुटते, त्यामुळे पातळी उतरते. आणि कर्करोग नसलेल्या कितीतरी जणांच्या अहवालात असाच आकडा असतो. तरीही आत्याबाईंची कमतरता भरून काढावीच, कारण स्तनाच्या कर्करोगावर देतात त्या लेट्रोझोलसारख्या, इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या चालू झाल्या तर हाडे ठिसूळ होतात. डोस त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी ठरवावा. मनाने पुड्या वाढवल्यास रक्तातले कॅल्शियम चढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा पोहोचते.

तंबाखूच्या वखारीत दिवसभर सावलीत राबणाऱ्या बायकांना पुड्या वाटल्या, तर तोंडाचा कर्करोग टळेल, हे आपले म्हणणे मला पटत नाही. त्यांचे ड जीवनसत्त्व कमी असेलही. पण तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखूची मिश्री सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासली जाते, तिच्यातली कर्करोगकारक द्रव्ये त्या पुडीने निघत नाहीत. वाटपासाठी जमवलेल्या पैशांतून तोंडाच्या तपासणीचे शिबिर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. हिरडीवरचा पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम वेळीच दिसली, तर उपचार सोपा होतो. शिबिराचे माहितीपत्रक मराठीत मी लिहून देतो. कन्नडसाठी आपल्या ओळखीत कुणी असल्यास कळवावे.