सुट्टी फुकट नाही, अर्धा टक्का मोजून घेतलेली आहे

नमस्कार. ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्यांची मी जी चेष्टा केली, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की देव मानत नाही, तर ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या फुकट कशाला उपभोगता? तत्त्वाची एवढी चाड असेल तर 25 डिसेंबरला ऑफिसला जाऊन दाखवा. आणि अशी चेष्टा आपल्या सणांची करायची हिंमत आहे का?

आधी 'फुकट'चा हिशेब. मी राहते जर्मनीत लाइपझिगला, सॅक्सनी राज्यात. इथे नोव्हेंबरातल्या एका बुधवारी 'बूस उंड बेटटाग' असतो, पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस. 1995 साली जर्मनीत शुश्रूषा विमा आला, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या देखभालीचा विमा. निम्मा हप्ता मालकांच्या माथी, मग त्यांची भरपाई म्हणून बाकी सगळ्या राज्यांनी ही सुट्टी सोडून दिली. सॅक्सनी मात्र हटून बसलं. त्याची किंमत अशी की या विम्यापोटी इथल्या नोकरदाराच्या पगारातून इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त कापतात, मालकाला तेवढाच कमी पडतो. पश्चात्ताप काडीचा नाही, पण त्याचे पैसे मी दरमहा भरते. इतकी इमानेइतबारे वर्गणी मी सोसायटीच्या गणपतीलाही दिलेली नाही.

आणि त्या दिवशी लाइपझिगकर करतात काय? लोकल पकडून हालेला जातात. हाले शेजारच्या राज्यात, तिथे सुट्टी नाही, दुकानं उघडी. परतीच्या गाडीत खरेदीच्या पिशव्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते.

येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार तर त्याहून भारी. इकडे तो पुरुषांचा दिवस! आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा सकाळीच हातगाडी बाहेर काढतात. तळाशी बिअरचे क्रेट, त्यावर कोळशाची पिशवी, सॉसेज, बटाट्याच्या सॅलडचा डबा आणि दांड्याला सायकलची घंटा. मग मित्रमंडळी घंटा वाजवत तलावाकडे. आजोबांनी जन्मात चर्चचा कर भरलेला नाही. (हो, इथे चर्चचे सभासद असाल तर आयकरावर आणखी 9 टक्के.) आता मी वेगळी कुणाची श्रद्धा दुखवायची?

ज्यांची श्रद्धा खरोखर आहे, त्यांच्या वाटेला मी गेलेली नाही. गुड फ्रायडेच्या सुमारास थॉमस चर्चमध्ये बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत असतं, तिथे मी तिकीट काढून गुपचूप बसते.

आपल्या सणांचं म्हणाल, तर दिवाळी अंक चाळा. कडक लाडवावरच्या व्यंगचित्रांवर पिढ्या पोसल्यात, तेव्हा कुणी हिंमत विचारली नव्हती.

राहिलं 25 डिसेंबरचं ऑफिस. दाराला कुलूप, हीटर बंद. 26 लाही तेच. शिवाय सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्या ऑफिसात काम करून घेणं कायद्यात बसत नाही, म्हणजे तत्त्व माझं आणि दंड साहेबांना. तेवढं नको. आधीच ते माझ्या वाट्याचा अर्धा टक्का वाचवून खुशीत आहेत.