बेळगाव ते मरिज

रविवार गेला. सकाळी नऊला बसलो ते दिवेलागणीला उठलो. तेवढ्या वेळात खरोखरची एसटी धरून मिरजेला गेलो असतो, मावशीकडं जेवून, वामकुक्षी काढून परत सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या स्टँडवर, उतरलो असतो. आणि मला हवं काय होतं? कॉम्प्युटरवर एक लाल बस. एक फेरी. तीसुद्धा झाली नाही.

ट्रकचा एक खेळ आहे, युरोपातल्या रस्त्यांचा. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. मूळ खेळात तुम्ही माल वाहायचा. आमच्यासारखी येडी माणसं त्यात मॉड, म्हणजे खेळ बदलणारी कुणी हौसेनं बनवलेली फाईल, टाकून बस चालवतात. दिवसभर उद्यमबागेत मशीनपुढं उभं राहून आल्यावर रात्री अर्धा तास बस चालवली की माझं डोकं शांत होतं. कुणाला दारू लागते, मला हे लागतं. आपल्या बसचं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून मी जर्मनी-फ्रान्सच्या वाटेला जातच नाही. इंग्लंडात वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, मग तिथंच. डोव्हरला प्रवासी भरायचे आणि लंडनवरून केंब्रिज गाठायचं. माझ्या डोक्यात डोव्हर म्हणजे सीबीटी, लंडन म्हणजे चिकोडी आणि केंब्रिज म्हणजे मिरज. खेळातले रस्ते खऱ्यापेक्षा कितीतरी पटीनं आखूड, त्यामुळं चहा निवायच्या आत माणूस आजोळी. हसा. लहानपणी मे महिन्यात आईच्या मांडीवर बसून, कागवाड गेलं की आता आलंच म्हणत जो प्रवास केलाय, तो परत कुठं मिळतो दाखवा मला.

ती बस मला कारखान्यातल्याच एका पोरानं करून दिली होती. घरात कन्नड बोलणारा, मराठी माझ्यापेक्षा कडक. इंजिनचा आवाज वेगळा घातला. सीबीटीवर उभा राहून मोबाईलवर खऱ्या कंडक्टरची डबल बेल रेकॉर्ड करून आणली. पुढच्या बोर्डावर ‘बेळगाव – मिरज’, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. मी म्हटलं, मराठी वर घाल की. तो म्हणाला, मग तू कर. गप्प बसलो. आणि सोबत एक साधी टेक्स्ट फाईल: बसचा मूळ साचा कुणाचा, त्याची परवानगी कशी घेतली, खेळाच्या कुठल्या आवृत्तीवर चालतो, कुठल्या मॉडबरोबर टाकू नये. आम्ही मशीनवर ऑफसेट बदलला तर पुढच्या शिफ्टवाल्यासाठी लिहून ठेवतो, नाहीतर त्याचा जॉब रिजेक्ट. तसंच. एवढंच लागतं ओ मॉडला. प्रेम आणि एक चिठ्ठी.

मग खेळाचं नवीन अपडेट आलं. मला विचारलं कुणी? रात्रीत उतरलं. सकाळी बघतो तर मॉडच्या यादीत बसचं नाव लाल अक्षरांत. तरी टाकून बघितली, तर खेळ उघडतोय आणि धाडकन डेस्कटॉपवर परत फेकतोय. जुन्या आवृत्तीवर जायची सोय असते, तीही करून बघितली, तर नव्या आवृत्तीत सेव्ह झालेला गेम जुन्यात उघडेना. पोरगा आता होसूरला नोकरीला लागलाय, लग्न झालंय. फोन केला तर म्हणतो, ‘अण्णा, लॅपटॉपच विकला की.’ त्याला काय बोलणार. फुकट दिलेली वस्तू आहे, वॉरंटी मागू?

हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही हेही माहीत आहे. ‘फॉलआउट 4’ला 25 एप्रिल 2024 ला मोठं अपडेट आलं. त्या खेळावर काही जणांनी वर्षानुवर्षं खपून अख्खं लंडन उभं केलं होतं, त्याच आठवड्यात ते लोकांना फुकट द्यायचे होते. पुढं ढकलावं लागलं, जुलै उजाडला. मूळ खेळ 2015 चा. नऊ वर्षं झोपलेल्या माणसानं एकदम उठून शेजाऱ्याचं ताट लाथाडावं, तसं.

तर रविवारी नवीन बस शोधायला बसलो. आणि इथून माझं रक्त तापायला लागलं.

पहिला व्हिडिओ. ‘लाल परी, ओरिजिनल, फुल्ल एचडी’. चौदा मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं बस जागेवर गोल फिरतीय आणि मागं डीजे. खाली लिंक. लिंक दाबली तर दुसरंच पान, थांबा दहा सेकंद. मग तिसरं, तिथं डाऊनलोडची पाच बटणं, चार खोटी. एका बटणानं माझ्या कॉम्प्युटरला जंतू झालेत असं सांगितलं, दुसऱ्यानं रमी खेळायला बोलावलं. शेवटी फाईल उतरली, तर तिला पासवर्ड. पासवर्ड कुठं? व्हिडिओत. कुठं व्हिडिओत? चार तुकडे करून चार ठिकाणी, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला चमकवलेत, म्हणजे माणसानं पूर्ण बघावं. साडेअकराला मी कागद-पेन घेऊन व्हिडिओ थांबवत अक्षरं टिपत होतो. बायको येऊन बघून गेली. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

फाईल उघडली. कुठल्या आवृत्तीसाठी, लिहिलेलं नाही. कुणी केली, लिहिलेलं नाही. टेक्स्ट फाईल एकच, तिच्यात चॅनेलला सबस्क्राइब करा. टाकली, क्रॅश. दुसरी शोधली, परत तेच चक्र, क्रॅश. तिसरी उघडली! गॅरेजमध्ये लाल बस उभी! मी खुर्चीतच उडालो. कॅमेरा पुढं फिरवला, बोर्ड वाचला.

‘बेळगाव – मरिज’.

मरिज! आजोळाचं नाव वाचून असा राग मला आयुष्यात पहिल्यांदा आला. झालंय काय ते कळतं मला. ज्या चित्राच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जोडता येत नाही, त्यात टाईप केलं की पहिली वेलांटी एक अक्षर पुढं सरकते. पण म्हणजे बस बनवून, रंगवून, व्हिडिओ काढून, डीजे लावून हजारो लोकांना देईपर्यंत एकदाही बोर्ड वाचला नाही? का वाचताच येत नव्हता?

उत्तर आत मिळालं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलो तर दाराजवळची सूचना भलत्याच भाषेत. इंडोनेशियन. अक्षरं भाषांतराला टाकून खात्री केली. म्हणजे तिकडच्या कुणा बिचाऱ्यानं महिनोन् महिने घालवून बस बनवली, ह्यानं वरून लाल रंग फासला, मूळ नाव पुसलं आणि कुलूप लावून स्वतःची म्हणून वाटली. चोरीच्या सायकलला नवीन रंग देऊन विकणारे होते की आमच्या लहानपणी, तेच धंदे. ते निदान सायकल चालू करून तरी द्यायचे.

आणि त्या व्हिडिओखाली लोक काय लिहितात? बस चालत नाही हे कुणीच लिहीत नाही. भांडण चाललंय बोर्डावर. एक म्हणतो ‘बेळगाव’ का लिहिलं, 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी आहे. दुसरा त्याच्या आईपासून सुरुवात करतो. तिसरा सीमावादाचा महाजन अहवाल काढतो. साडेतीनशे प्रतिक्रिया! अरे, फेब्रुवारी 2025 मध्ये दोन राज्यांच्या खऱ्या बसगाड्या थांबल्या होत्या, बोर्डांना काळं फासलं जात होतं, आमची माणसं स्टँडवर पिशव्या घेऊन बसून होती. म्हणून तर खोट्या रस्त्यावर खोटी बस चालवायला येतो आम्ही, निदान तिथं तरी कुणी अडवू नये. तर तिथंही हजर. आणि एवढ्या सगळ्या अस्मितेत ‘मरिज’ हे एकालाही खटकलेलं नाही. दोन्ही बाजूंच्या एकालाही नाही!

सोमवारी कारखान्यात चहाला हे सांगितलं तर आमचा सुपरवायझर म्हणतो, ‘मग मॉड घालायचंच कशाला? बनवणाऱ्यानं दिलाय तसा खेळावा. मॉडनंच खेळांची वाट लावली.’ हा माणूस लॉकडाऊनमध्ये रात्री दोनपर्यंत पबजी खेळायचा. 2 सप्टेंबर 2020 ला त्यावर बंदी आली तेव्हा ह्याचं तोंड सुतकात असल्यासारखं झालेलं. त्याला विचारलं, पबजी आला कुठून? ज्यानं तो खेळ उभा केला त्या ब्रेंडन ग्रीननं आधी दुसऱ्याच्या खेळावर तसला मॉड करून दाखवला होता, म्हणून त्याला पुढं बोलावलं. कॉलेजला दांडी मारून खडेबाजारच्या कॅफेत आपण तासाला पंधरा रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायचो, ते काय होतं? ‘हाफ-लाइफ’वरचं मॉड. 1999 मध्ये दोघा पोरांनी हौसेनं केलेलं, पुढच्या वर्षी मूळ कंपनीनंच विकत घेतलं. डोटा? वॉरक्राफ्टच्या पोटातला. डूमवाल्यांनी 1993 लाच खेळाचा नकाशा-चित्रांचा मसाला वेगळ्या फाईलीत ठेवला, म्हणून लोकांनी आपापले नकाशे घालून तो खेळ तीस वर्षं जिवंत ठेवलाय. तर वाट कुणी लावली, सांगा. तो म्हणाला चहा गार व्हायला लागलाय.

एका बाबतीत मात्र तो बरोबर आहे, त्याच्यापुढं कबूल करणार नाही. मी स्वतः एकदा पंचावन्न मॉड भरले होते. पाऊस वेगळा, ढग वेगळे, हॉर्न सात प्रकारचे, रस्त्यावर म्हशी. केंब्रिजच्या चौकात म्हैस आडवी आली तेव्हा दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी कळेना, आपण खेळतोय काय. बुलेटचा सायलेन्सर काढून कॅम्पातून रात्री फाडफाड करत जाणारे असतात ना, त्यांची गाडी चांगली झालेली असते का? त्यांना फक्त आवाज पाहिजे असतो. तसंच माझं झालं होतं.

पैसे घेऊन द्या म्हणणारेही भेटतात. माझी तयारी आहे. दोनशे रुपये घ्या आणि चालणारी बस द्या. पण पैसे खऱ्या कारागिराला जाणार आहेत का? 2015 च्या एप्रिलमध्ये ‘स्कायरिम’चे मॉड विकायला काढले होते, त्यात बनवणाऱ्याच्या हातात पडणार होते शंभरातले पंचवीस. लोकांनी असा दंगा केला की चार-पाच दिवसांत गुंडाळलं. इथं तर पंचवीसही नाहीत. इंडोनेशियातल्या त्या माणसाला आपली बस मिरजेला निघालीय हेच माहीत नाही.

त्याच रविवारी दुपारी भाचा आला होता. वय अकरा. ‘मामा, काय करायलास?’ म्हटलं मॉड शोधायलोय. ‘मॉड माझ्याकडं हाय की, अनलिमिटेड पैसे!’ आणि त्याच्या आजीचा मोबाईल काढून दाखवला. कुठूनतरी उतरवलेलं एपीके, म्हणजे मोबाईलवर खेळ टाकायची फाईल. सगळ्या बस पहिल्याच दिवशी उघड्या, डिझेल संपत नाही, धडकलं तरी काही होत नाही. किती वेळ खेळलास? दहा मिनिटं. मग? कंटाळा आला. त्या पोराच्या लेखी मॉड म्हणजे हेच! खेळात नवीन काही घालणं नाही, आहे तेही काढून टाकणं. आणि आजीच्या मोबाईलवर आता फोन उचलायच्या आधी कर्जाची जाहिरात येते. तिला वाटतं बँकेचा माणूस आहे, ती ‘नको ओ बाबा’ म्हणून फोन ठेवते. त्या नादात मावशीचे दोन फोन चुकले.

संध्याकाळी ठरवलं, मरिज तर मरिज. चित्राची फाईल शोधून बोर्ड मीच पुसला, नीट ‘मिरज’ लिहिलं, अर्धा तास गेला. डोव्हरला प्रवासी भरले. पहिला गिअर. डबल बेलचं बटण दाबलं, आवाजच नाही. असू दे. स्टँडबाहेर वळताना हॉर्न दाबला.

टें-लो-लेट, टें-लो-लेट!

इंडोनेशियन बसचा तो नाचरा हॉर्न. 2016 साली तिकडची पोरं रस्त्यावर पाट्या धरून ड्रायव्हरकडं जो मागायची, आणि जगभर गाजला, तोच. माझ्या लाल एसटीतून. भाचा मागं येऊन उभा होता, टाळ्या वाजवायला लागला.

‘मामा, परत वाजीव की!’

तेवढ्यात करंट गेला.