खुंटीवरचं घुमट

चतुर्थी जवळ आली की आपल्याकडे मुलांची झडती सुरू होते. किती टक्के पडले, कुठे अॅडमिशन, पुढे काय? यंदा ती सुरू व्हायच्या आत हे लिहायचंच होतं.

तीन वर्षांपूर्वी गोव्यातच वाळपईला बहिणीकडे आरतीला उभे होतो. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झालेली, ढोलासारख्या शामेळावर काका, कासाळें म्हणजे झांजा धाकट्यांच्या हातात. घुमट, म्हणजे आमचं मातीच्या भांड्याचं वाद्य, तेवढं खुंटीवर. ते वाजवणारा माझा भाचा आतल्या खोलीत दार लोटून बसला होता. आठव्या वर्षापासून या पोराने घरची एक आरती चुकवली नव्हती. "डोकं दुखतंय" म्हणाला. बाहेर कुणीतरी म्हणालंच, "मोबायल, आणखी काय!"

प्रसाद घेऊन आत गेले. मोबाइल कोपऱ्यात चार्जिंगला होता. तो भिंतीला टेकून बसलेला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मावशी, मी नापास झालो ते कुणाकुणाला ठाऊक आहे तेवढं सांग. म्हणजे कुणाला काय उत्तर द्यायचं ते ठरवतो." सकाळपासून तो मनात उत्तरं जुळवत होता. काकांसाठी एक, शेजाऱ्यांसाठी दुसरं.

चौथीपर्यंत मराठी शाळेत पहिला नंबर. पाचवीपासून इंग्रजी, तरी दहावीपर्यंत रेटलं. अकरावी सायन्सला भर वर्गात सगळ्यांचे गुण मोठ्याने वाचून दाखवले गेले. पेपर वाईट गेला एवढंच त्याने मानलं असतं तर निभावलं असतं. त्याने मानलं, मी ढ आहे. यात आमचाही हात आहे. लहानपणापासून 'आमचा हुशार' म्हणून आम्हीच मिरवला त्याला. त्याने केलेल्या मेहनतीबद्दल कधी कोण बोललं? मग हुशारी गेली म्हटल्यावर त्याच्याकडे स्वतःचं असं काय उरलं?

पुढचं सगळं टाळण्यातून झालं. एक दिवस कॉलेज बुडवलं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढणं आणखी जड जातं. मित्रांचे फोन टाळायचे, मग मित्र फोन करायचे थांबतात, आणि आपण कुणाला नकोच आहोत ही समजूत पक्की होते. रात्री तेच तेच घोळवत जागायचं, सकाळी डोळे उघडत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला हा आळस दिसतो. "मन घट्ट कर" असं मीही त्याला सांगितलंय. आज त्याचं वाईट वाटतं, कारण ते ऐकून तो आणखी आत गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १० ते १९ वयातल्या दर सातांत एकाला मानसिक आजार असतो. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात साधारण पाच-सहा मुलं.

आणि उपाय शोधायला लांब जायला नको. आपल्याच गोव्यात 'संगत' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. बोलून बोलून रुग्णाला सोडून दिलेल्या एकेका कामाकडे परत आणायचं, एवढ्यावर भर. त्याने खरंच फरक पडला. रुग्ण प्रौढ होते हे खरं. पण 'आधी बरं वाटू दे, मग करीन' याची वाट बघत बसायचं नाही, छोटं काही करायला घेतलं की मन मागून येतं, हे मी भाच्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं. आम्ही समुपदेशकाकडे गेलो. पहिला आठवडा फक्त संध्याकाळी नाक्यापर्यंत चालत जाऊन पाव आणायचे. पुढे एका मित्राला फोन. कॉलेजचं नाव बरेच दिवस कुणी काढलंच नाही.

मूल जगणंच नको झाल्यासारखं बोलत असेल तर मात्र थांबू नका. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

गेल्या चतुर्थीला तो बाहेर आला. घुमट घेतलं नाही, मागे उभा राहून कासाळें वाजवली. आरतीनंतर काकांनी विचारलंच, "काय रे, कितवीला?" माझाच श्वास अडकला.

"सायन्स सोडलं. कॉमर्सला परत अकरावी केली, आता बारावीला."

"बरं," काका म्हणाले, "ते करंज्यांचं ताट इकडे दे बघू."