एमसीबीचा खटका धरून ठेवता येत नाही, काका

गेल्या आठवड्यात पावसाची झड लागली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला. 'इलेक्ट्रिशियन तुम्हाला हे कधीच सांगणार नाही' असा मथळा, पुढे विजेची आणि जोडलेल्या हातांची चित्रं. मजकूर थोडक्यात असा: घरात एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका) असला की शॉकची भीती नाही. तो सारखा पडत असेल तर एक नंबर मोठा बसवा. घाईच्या वेळी खटक्यावर चिकटपट्टी लावली तरी काम भागतं. पावसाळ्यात आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा खटका) उगाच पडतो, तो बायपास करून घ्या. आणि मुळात जुना, चिनी मातीचा, तार घालायचा किटकॅट फ्यूजच बरा होता, एमसीबी हा कंपन्यांनी काढलेला धंदा आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी खाली 'अत्यंत उपयुक्त' लिहिलं, आठ जणांनी अंगठे दिले.

भोसरीत विजेचे पॅनल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये माझी 22 वर्षं गेली. त्यामुळे गप्प बसवत नाही.

चिकटपट्टीपासून सुरुवात करतो, कारण ती करून बघितलेली आहे. वर्कशॉपमध्ये नवीन मुलं आली की आम्ही एक खेळ करायचो. टेस्टिंगच्या टेबलावर 16 अँपियरचा एमसीबी लावायचा, त्यातून 48 अँपियर सोडायचे आणि मुलाला सांगायचं, खटका अंगठ्यानं वर दाबून धर, पडू द्यायचा नाही. पोरगं दात-ओठ खाऊन धरायचं. पंधरा-वीस सेकंदांत आतून 'खट्' आवाज यायचा आणि मीटरचा काटा शून्यावर. खटका मात्र अंगठ्याखाली होता तिथेच, वर.

का, ते बघायला एकदा एक जळका एमसीबी घरी वर्तमानपत्रावर ठेवून उघडला. मागचे रिव्हेट ड्रिलनं उडवले, झाकण निघालं, आणि एक बारीक स्प्रिंग उडून फ्रीजखाली गेली ती आजतागायत तिथेच आहे. आत बघितलं तर खटका थेट कॉन्टॅक्टला जोडलेलाच नसतो. मध्ये एक छोटी लिंक आणि एक आकडी असते. खटका वर केला की आकडी अडकते, स्प्रिंग ताणली जाते आणि कॉन्टॅक्ट मिटतात. ट्रिप व्हायची वेळ आली की ती आकडी सुटते. आकडी सुटली की खटका आणि कॉन्टॅक्ट यांचा संबंधच तुटतो, स्प्रिंग कॉन्टॅक्ट उघडून मोकळी होते. तुम्ही खटका अंगठ्यानं धरा, पट्टीनं चिकटवा नाहीतर खिळा ठोका, आकडीला त्याचं काही कळत नाही. याला ट्रिप-फ्री म्हणतात, आणि आयएस/आयईसी 60898 या मानकात ती अटच आहे. चिकटपट्टीनं वीज टिकत नाही. फक्त खटका वर दिसत राहतो, आत लाइन तुटलेली असते, आणि उद्या येणारा वायरमन 'चालूच तर आहे' म्हणून भलतीकडे फॉल्ट शोधत बसतो.

आकडी सोडवणारे दोघं. एक पत्ती, दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींवर चिकटवलेली. प्रवाह जास्त झाला की ती तापते, एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, आणि पत्ती वाकून आकडीला ढुशी देते. हे काम सावकाशीचं. दुसरी जाड तांब्याची कॉइल, तिच्या पोटात लोखंडी दांडा. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) एकमेकींना भिडल्या आणि शेकडो अँपियर धावले की दांडा झटक्यात पुढे येऊन आकडी उडवतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आणि खालच्या कोपऱ्यात, ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तिथे लोखंडी पत्र्यांची एक चवड असते, कंगव्याच्या दातांसारखी. माझ्या त्या एमसीबीत ते पत्रे काजळीनं काळे झाले होते आणि दोन-तीन कडांना वितळलेले मणी होते. शॉर्ट झाल्यावर कॉन्टॅक्ट उघडले तरी प्रवाह लगेच थांबत नाही, मधल्या हवेतून हजारो अंशांची ठिणगी जळत राहते. ती पत्र्यांत ढकलली जाते आणि तिचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा जिवंत राहायला वीसेक व्होल्ट मागतो. दहा-बारा तुकडे झाले की मागणी घरच्या व्होल्टेजच्या जवळ जाते आणि ठिणगी गुदमरते. डबीच्या तोंडावर चौकटीत 6000 किंवा 10000 छापलेलं असतं, ते याचंच माप: शॉर्टच्या वेळी किती अँपियरपर्यंत ही डबी न फुटता तोडू शकते. पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एमसीबी घ्यायला गेलात तर भाव विचारायच्या आधी ती चौकट आणि आयएसआयची खूण बघा.

आता 'एक नंबर मोठा लावा'. हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला, आणि सगळ्यात जास्त पाळला जाणाराही. एमसीबीवरचा आकडा तुमच्या गीझरचा नसतो, एसीचा नसतो. तो भिंतीत गाडलेल्या तारेचा असतो. आणि 16 म्हणजे सतराव्या अँपियरला पडतो अशीही समजूत आहे, तीही चूक. मानकाप्रमाणे 1.13 पट प्रवाह, म्हणजे 18 अँपियर, तासभर वाहिला तरी तो पडता कामा नये. 1.45 पट, म्हणजे 23 अँपियरच्या थोडं वर, असेल तर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ढील आधीच दिलेली आहे. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार एवढं सोसून घेते. आता त्याच तारेवर 32 चा एमसीबी ठेवा. तोही आपल्या 1.45 पटीपर्यंत तासभर थांबू शकतो, म्हणजे 46 अँपियरपर्यंत. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. घरातल्या तारेचं नेहमीचं पीव्हीसी आवरण 70 अंशांसाठी केलेलं असतं. ते मऊ पडतं, काळवंडतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही. एमसीबी मात्र शांत, पडत नाही, घरमालक खूश.

मग तो सारखा का पडतो? बहुतेक वेळा खरंच लोड जास्त असतो: एकाच लाइनवर गीझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह. पण एक कारण मला वर्षानुवर्षं दिसत आलंय, टर्मिनलचा ढिला स्क्रू. तार नीट आवळलेली नसली की जोड तापतो, ती ऊब आतल्या पत्तीला लागते, आणि 12 अँपियरलाच पत्तीला वाटतं 20 झाले. वायरमनला मेन बंद करून स्क्रू आवळायला सांगा, पाच मिनिटांचं काम.

इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क द्यायला हवा. 'उन्हाळ्यात एमसीबी लवकर पडतो' असंही त्यात एक वाक्य आहे आणि ते खरं आहे. पत्तीचं गणित 30 अंशांना बसवलेलं असतं. एप्रिलमध्ये पुण्यात चाळिशी गाठली, डीबी (एमसीबी बसवतात ती पेटी) पश्चिमेच्या भिंतीवर, आत आठ एमसीबी एकमेकांना चिकटून, तर तो थोडा आधी पडणारच. त्यावर उपाय लोड वाटून देणं किंवा डीबीत मोकळी जागा सोडणं. मोठा नंबर लावायचाच असेल तर आधी तार मोठी ओढा.

शॉकचा मुद्दा. एमसीबी माणसाला वाचवत नाही, कारण त्याला माणूस दिसतच नाही. ओल्या हातानं फेजला हात लागला, शरीराचा रोध 1000 ते 2000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला अंगातून फार तर 0.1 ते 0.2 अँपियर जातील. जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब एवढाच प्रवाह घेतो. 16 अँपियरचा एमसीबी त्याच्यासाठी कशाला पडेल? आणि माणूस मरायला तेवढा पुरेसा असतो.

माणसाला बघणारा वेगळा: आरसीसीबी, ज्याला बायपास करायला सांगितलंय तोच. त्यात एक कडी असते, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्या पोटातून जातात. गेलं तेवढं परत आलं तर कडी गप्प. 30 मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्याच वाटेनं जमिनीत चालली, की तो लाइन तोडतो. ती दुसरी वाट ओली भिंत असू शकते, गीझरचा तडकलेला एलिमेंट असू शकतो, तुमचा मुलगाही असू शकतो. पावसाळ्यात पडतो कारण पावसाळ्यात गळती होते, बाल्कनीतल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी जातं. याला उगाच पडणं म्हणत नाहीत. गळती शोधायला सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला पडेल त्या लाइनवर दोष. सगळे खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय असं समजा, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. मग वायरमन बोलवा, स्वतः उचकू नका. हे यंत्र सर्वशक्तिमान नाही, तेही सांगतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर कडीला हिशेब बरोबरच दिसतो, ती हलणार नाही. आणि ओव्हरलोड तर तिला कळतच नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच.

राहिला किटकॅट. फ्यूज म्हणून फ्यूज वाईट नाही, कारखान्यांच्या मेन पॅनलमध्ये एचआरसी फ्यूज आजही लागतात आणि मोठा शॉर्ट तोडण्यात ते कुणाला हार जात नाहीत. प्रश्न चिनी मातीच्या त्या घरगुती किटकॅटचा. त्यात कुठली तार घालायची हे घरमालक ठरवतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी इस्त्रीच्या वायरीचे चार पीळ एकत्र घातलेले पाहिलेत. आजोबा अभिमानानं म्हणाले, दहा वर्षांत एकदाही उडाला नाही. उडणार कसा? आणि धंद्याबद्दल म्हणाल तर आजच्या एमसीबीचं पेटंट जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांच्या नावावर 1924 सालचं आहे. शंभर वर्षं जुना धंदा.

मेसेजच्या शेवटी सोलरसाठी घरातला जुना एमसीबी, म्हणजे एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेचा, चालतो असंही आहे. नाही चालत. एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझायला तेवढी संधी मिळते. सोलर पॅनलमधून येणारा डीसी, एकाच दिशेनं वाहणारा, शून्यावर येतच नाही. डीसीचा वेगळा मिळतो, तोच घ्या.

काल संध्याकाळी काकांकडे गेलो. चहा झाल्यावर म्हटलं, काका, आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण आहे ना, ते दाबा. त्यांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, दिवे तसेच. घर घेतल्यापासून, म्हणजे 11 वर्षांत, ते बटण कुणी दाबलंच नव्हतं, आतला खटका बहुधा जागीच चिकटला असावा. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं हे नुसतं शोभेला होतं?" नवीन आणायला सांगितलाय, वायरमन उद्या अकराला येतोय. तोवर गीझर लावू नका म्हणून सांगून आलो.