लष्कराचं भंगार वितळेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याचीच हवी

जालन्यात भंगार वितळवणाऱ्या पोलादाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. लिलावातली जिप्सी घ्यायला निघालेल्या शेतकरी मित्रांनीही वाचावं.

लष्कराचा बाद झालेला माल आता बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकला जातो. यादी निघते, लॉट पाडतात, ठरल्या दिवशी माल बघायला मिळतो. अनामत भरून बोली लावायची, उरलेले पैसे भरले की डिलिव्हरी ऑर्डर, मग मुदतीत माल उचलायचा. अट एकच: 'जसं आहे, जिथं आहे'. एवढं लिहिलं की विकणारा मोकळा. माझा सगळा आक्षेप या मोकळं होण्यावर आहे.

गाडीपुरतं ते चालून जातं. बॅटरी, स्टार्टर, रेडिएटर काढून घेतलेलं डोळ्यांना दिसतं. घोळ होतो तो कागदांत. लष्करी गाडीला बाणाची खूण असलेला लष्कराचा स्वतःचा नंबर असतो, आरटीओत तिची नोंदच नसते. ती करायला फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज) सोबत लष्कराच्या अधिकाऱ्यानं दिलेला मूळ फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) लागतो. त्यावरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर यांत एक आकडा इकडचा तिकडं झाला तरी गाडी शेतात उभी राहते. म्हणून बघायला जाताना वायरब्रश, कोरा कागद आणि पेन्सिल न्या. गंज खरवडा, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा तिथंच यादीशी ताडून बघा. लॉट 'भंगार' म्हणून काढला असेल तर फॉर्म 21 ची आशा धरू नका. आणि नोंदणीआधी रंग बदला. मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याचा.

लोखंड-पितळेच्या मिसळ लॉटची गोष्ट वेगळी. तिथं जीव जातो.

शॉकअप, हायड्रॉलिक सिलिंडर, आग विझवायचं नळकांडं, दोन्ही तोंडं चेपलेला पाइप. आत चमचाभर पाणी राहिलं तरी 1,600 अंशांच्या रसात त्याची वाफ होते आणि ते हजार पटीच्या वर फुगतं. उकळता रस उडतो तो भट्टीच्या तोंडाशी उभ्या पोराच्या अंगावर.

पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं आवरण, दिसली तर हात न लावता बुडाकडं बघा. मधोमध बार पेटवणारी छोटी गोल टोपी असते. ती गुळगुळीत असेल तर जिवंत धरून चाला. तिच्यावर बंदुकीच्या पिनेचा खड्डा असला तरी खात्री नाही, बार फुसका गेलेला असू शकतो. गॅसकटर लांब न्या, माणसं हटवा, पोलिसांना फोन करा.

2004 साली गाझियाबादजवळ पोलाद कारखान्यात आयात भंगारातला तोफगोळा फुटून 10 कामगार गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला वर्ध्याजवळ पुलगावात, नष्ट करायला आणलेला जुना दारूगोळा उतरवताना 6 जण गेले. त्यात जवळच्या गावांतली रोजंदारीची माणसं होती.

दारूगोळ्याच्या भंगाराला स्फोटकमुक्त असल्याचा दाखला देण्याची पद्धत लष्करात आहे. पण मोठ्या व्यापाऱ्याकडून मधल्याकडं, मधल्याकडून छोट्याकडं माल जातो आणि दाखला पहिल्याच्या फायलीत राहतो. शेवटी जो कापतो त्याला तो माल कुठला हेही ठाऊक नसतं. आणि माग ठेवता येत नाही असं कुणी सांगू नये. नौदलाची जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत 2014 मध्ये 60 कोटींना भंगारात विकली गेली, तर तिचं पोलाद बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत गेलं हे घरोघरी माहीत आहे.

म्हणून मागणी अशी की बंद तोंडाची प्रत्येक वस्तू डेपोतच, गेटच्या आत, दोन ठिकाणी भोक पाडून द्या. पुंगळ्या चेपून द्या, आणि त्या लोखंडात मिसळू नका. साफ, वेगळ्या केलेल्या लॉटला बोलीही चांगली चढते, म्हणजे गॅसचा आणि मजुरीचा खर्च तिथंच बराचसा निघतो.

ट्रक भट्टीच्या वजनकाट्यावर चढतो तेव्हा ड्रायव्हरकडं बिल आणि ई-वे बिल असतं. त्याच टाचणीला तिसरा कागद लावा: डेपोचं नाव, लॉट नंबर, तपासणाऱ्याची सही. माल कितीही हात फिरला तरी तो सोबत राहावा, आणि तो नसेल तर काटेवाल्यानं ट्रक आत घेऊ नये.