बोल्ट फिरवून गाडी का सोडली नाही

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन लिहिलंय, की बूस्टरचा, म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकाचा ब्रेक चालवणाऱ्या हवेच्या डब्याचा, बोल्ट फिरवला असता तर दहा मिनिटांत जाम झालेली गाडी सुटली असती, आम्ही मुद्दाम संध्याकाळ केली आणि नवा बूस्टर गळ्यात मारला.

उशिराबद्दल आधी माफी मागतो. बूस्टर यायला वेळ लागणार हे दुपारीच कळलं होतं, तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. भिवंडीचा माल अडकलेला आणि आम्ही ड्रायव्हरला नुसतं ‘होतंय, होतंय’ म्हणत बसवून ठेवलं. ती चूक माझी.

बोल्टचं मात्र पटत नाही. मोठ्या गाडीचा हँड ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. लावते ती बूस्टरच्या मागच्या खणातली जाड स्प्रिंग. हवा तिला दाबून धरते. प्रेशर साधारण पाच बारच्या खाली उतरायला लागलं की स्प्रिंग मोकळी होत जाते आणि मागची चाकं धरते. हवा गेली तरी गाडी थांबावी, म्हणूनच ही रचना आहे. हैदराबाद रोडवर गाडी जाम झाली ती त्यामुळे. दोन्ही बाजूंना हवा एकाच लाइनने जाते, म्हणून एकीकडे गळती असली तरी दोन्हीकडची चाकं धरली.

गळती डावीकडे होती. हँड ब्रेक लावला की आवाज बंद, सोडला की फुस्स. साबणाचं पाणी मारल्यावर बूस्टरच्या भोकातून फेस उसळत होता, तुमच्या ड्रायव्हरने स्वतः बोट लावून पाहिलं. आतलं सील गेलेलं.

बोल्ट फिरवून स्प्रिंग बांधली की गाडी हलते, हे खरं. रस्त्यावरून गॅरेजपर्यंत आम्ही ती तशीच आणली. पण तशा गाडीला ना हँड ब्रेक राहतो, ना आणीबाणीचा ब्रेक. भरलेली गाडी खंडाळ्याचा घाट उतरताना हवा संपली, तर तिला धरणारं काहीच उरत नाही. अशी गाडी मी सोडणार नाही, ग्राहक तुटला तरी.

बूस्टर उघडून नुसतं सील बदललं असतं, असंही तुम्ही म्हणालात. ती स्प्रिंग कित्येक क्विंटलच्या जोराने दाबलेली असते. क्लॅम्प काढताना सुटली तर माणूस जागेवर जातो. माझ्या पोरांना मी त्याला हात लावू देत नाही.

जुना बूस्टर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय. सोलापूरला आलात की हवा भरून गळती दाखवतो. त्या दिवसाची मजुरीही परत करतो, बिल घेऊन या.